आठ तारा, एक्केचाळीस लाख पत्ते

प्रॉक्समॉक्समध्ये नवं व्हर्च्युअल मशीन तयार करायला घेतलं की एक साधा प्रश्न समोर येतो: डिस्क कशाला जोडू? आयडीई निवडलं तर जास्तीत जास्त ४ डिस्क, साटा निवडलं तर ६, व्हर्टआयओ ब्लॉक निवडलं तर १६ आणि स्कझी निवडलं तर ३१. इथपर्यंत सगळं घरगुती मापाचं आहे. पण त्याच पडद्यावर स्कझी कंट्रोलरचा एक प्रकार म्हणून ‘व्हर्टआयओ स्कझी’ हे नाव दिसतं. त्याचा मूळ आराखडा काढून पाहिला की आकडे एकदम उसळतात. एका कंट्रोलरवर २५६ टार्गेट, प्रत्येक टार्गेटवर १६,३८४ लॉजिकल युनिट. गुणाकार केला की एका कंट्रोलरवर ४१,९४,३०४ डिस्क. हा कंट्रोलर कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याला वजन नाही, तो तापत नाही, त्याला स्क्रू लागत नाही. तो निव्वळ एक प्रोग्राम आहे.

आता हा प्रोग्राम ज्या संगणकावर चालतो त्याचं झाकण उघडू. आत स्लॉटमध्ये एक खरं कार्ड बसलेलं आहे. घरी सर्व्हर बांधणाऱ्यांचं वर्षानुवर्षं लाडकं असलेलं, जुन्या बाजारात काही हजार रुपयांत मिळणारं एलएसआय ९२११-८आय. त्यावर दोन सॉकेट, प्रत्येक सॉकेटमधून चार तारा निघतात. एकूण आठ डिस्क लागतात.

प्रोग्राम ४१ लाखांची भाषा बोलतो आणि लोखंड आठची. या दोन आकड्यांमधलं अंतर मला फार बोलकं वाटतं. पत्ता देणं जवळजवळ फुकट असतं. त्या पत्त्यावर पोचणं मात्र महाग पडतं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकड्यांत दहा लाख पत्ते मावतात, वापरात आहेत सुमारे १९ हजार. उद्या सातवा आकडा जोडला तर पत्ते एक कोटी होतील, पण पोस्टमनची चाल तसूभरही वाढणार नाही. डिस्कच्या दुनियेत गेली जवळपास सत्तर वर्षं हेच चाललंय. एक बिट वाढवला की पत्ते दुप्पट होतात. चकती, तार आणि वीज यांना असा बिट जोडता येत नाही.

पत्त्यांची घोडदौड आधी पाहू, कारण जुनं कार्ड घेताना ती थेट खिशाशी भिडते.

डिस्कवर माहिती ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत ठेवायची आणि प्रत्येक ठोकळ्याला एक क्रमांक द्यायचा, ही पद्धत रूढ झाली तेव्हा क्रमांकासाठी २८ बिट ठेवले गेले. त्यातून जास्तीत जास्त १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट मोजता येत, म्हणजे १३७ जीबी. ज्या काळात डिस्क चाळीस-पन्नास एमबीची असे, त्या काळात हे अथांग होतं. २००१ च्या सुमारास १६० जीबीच्या डिस्क आल्या आणि त्या अथांगाचा तळ लागला. मग ३२ बिटांची भिंत आली. ३२ बिट आणि ५१२ बाइट यांचा हिशेब २.२ टीबीवर संपतो. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क निघाल्या तेव्हा ही भिंतही आडवी आली, आणि ती अजून उभी आहे: एलएसआयच्या १०६८ई या चिपवर बांधलेली कितीतरी कार्डं आजही जुन्या बाजारात फिरतात. त्यांना ८ टीबीची डिस्क लावली तरी २.२ टीबीच दिसते. उरलेले ५.८ टीबी तारेच्या पलीकडे असतात, फिरत असतात, वीज खात असतात, पण कार्डाकडे त्यांचा क्रमांक लिहायला जागाच नसते. त्यामुळे जुनं कार्ड घेताना चिपचं नाव आधी विचारावं. एसएएस २००८ किंवा त्यापुढची चिप असेल तर या भिंतीची चिंता नाही.

साटा डिस्कचा आजचा क्रमांक ४८ बिटांचा आहे. त्याची कमाल मर्यादा १,४४,११,५१,८८,०७,५८,५५,८७२ बाइट. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त एकपासून दसपटीने चढत जाणारी अठरा स्थानांची नावं दिली आहेत. शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ४८ बिटांची मर्यादा जवळपास दीड परार्ध बाइट भरते. बाराव्या शतकातली यादी जिथे थांबते, बरोबर तिथेच आपल्या कपाटातल्या साटा डिस्कचा क्रमांक थांबतो. योगायोगच, पण माझ्या मनाला तो फार सुखावून जातो. २०१० ते २०२४ या चौदा वर्षांत एका डिस्कची क्षमता ३ टीबीवरून ३० टीबीवर गेली. याच चालीने पुढे गेलं तर परार्धाची ही भिंत गाठायला आणखी पन्नासेक वर्षं लागतील.

घरच्या सर्व्हरवर सर्रास वापरली जाणारी झेडएफएस ही फाइल यंत्रणा याच्याही पुष्कळ पुढे गेली आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी ती २००१ पासून घडवली आणि पत्त्यासाठी १२८ बिट ठरवले. २ चा १२८ वा घात म्हणजे परार्धाची परार्धपट घ्यायची आणि तिला पुन्हा चौतीस हजारांनी गुणायचं. इतके बिट कशाला, असं लोक विचारत, तेव्हा २००४ मध्ये बॉनविक यांनी भौतिकशास्त्राच्या आधारे हिशेब मांडला. एक किलो पदार्थात फार तर किती बिट साठवता येतील याला क्वांटम यांत्रिकीने घातलेली मर्यादा आहे, सुमारे एकावर एकतीस शून्यं इतकी. त्या मर्यादेत राहून १२८ बिटांचे सगळे ठोकळे भरायचे तर सुमारे १३,६०० कोटी किलो वस्तुमान निव्वळ ऊर्जेच्या रूपात लागेल. पृथ्वीवरचे सगळे महासागर उकळून वाफ करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या तिपटीहून ही जास्त आहे. मी वेळाचा हिशेब करून पाहिला. सेकंदाला १ टीबी या वेगाने लिहीत राहिलो तर हा साठा भरायला विश्वाच्या आजवरच्या वयाची सुमारे ४० हजार कोटीपट वर्षं लागतील. ही फाइल यंत्रणा फुकट मिळते आणि दहा वर्षांपूर्वीच्या टाकाऊ डेस्कटॉपवरही चालते.

पत्ते असे धावले. हात किती धावले, याचा हिशेब सुरू होतो १९५६ मध्ये, आयबीएमच्या रॅमॅकपासून. पहिली विक्रीस आलेली हार्ड डिस्क ती हीच: २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन एक टनाहून जास्त, आत ५० लाख अक्षरं मावत. आजच्या मापात पावणेचार एमबी. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाचणारा हात न्यायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत आणि सेकंदाला ८,८०० अक्षरं वाचून होत. तिच्याशेजारी आजची ३० टीबीची डिस्क ठेवून तीन भागाकार केले. क्षमता वाढली ८० लाखपट. सलग वाचण्याचा वेग वाढला सुमारे ४० हजारपट. हात हलवण्याचा वेळ ६०० वरून ८ मिलिसेकंदांवर आला, म्हणजे सुधारणा झाली ७५ पट.

८० लाख, ४० हजार, ७५. कंट्रोलर, कॅश, रांगा आणि रेड यांचा सगळा शोध या तीन आकड्यांमधली दरी बुजवण्यासाठी लागला आहे. हातसुद्धा क्षमतेइतकाच सुधारला असता तर तो आज ७५ नॅनोसेकंदांत जागेवर पोचला असता, थेट रॅमच्या तोडीने, आणि रॅम व डिस्क असा भेदच उरला नसता. प्रत्यक्षात उलट झालं. रॅमॅक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढायला दहा मिनिटंही लागत नसत. ३० टीबीची डिस्क अगदी बाहेरच्या पट्ट्यांच्या वेगाने, सेकंदाला २७५ एमबीने वाचली तरी तीस तास लागतात. आतल्या पट्ट्यांवर वेग निम्म्याजवळ येतो, म्हणून खरा हिशेब दीड-दोन दिवसांचा. डिस्क बिघडून नवी घातल्यावर जुन्या माहितीची पुन्हा उभारणी व्हायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून हातावर रागावू नये. साडेतीन इंची डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी सुमारे १२९ किलोमीटरने धावत असते, आणि वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटरच्या उंचीवरून तरंगत जातं. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो ठोकळा टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हात सरकायचे ८ मिलिसेकंद मिळवले की एका मागणीला १२ मिलिसेकंद होतात. सेकंदाला फार तर ऐंशी मागण्या. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे त्या १२ मिलिसेकंदांत ४ कोटी ८० लाख ठोके पडून जातात. आता ८ टीबीची डिस्क घ्या. सलग वाचली तर साधारण बारा तास. तीच डिस्क ४ केबीच्या तुकड्यांत, वाटेल त्या क्रमाने वाचायची ठरवली तर १९५ कोटी मागण्या, आणि सेकंदाला ऐंशीच्या हिशेबाने २८२ दिवस. डिस्क, तार आणि माहिती तीच राहिली. बदलला तो फक्त मागण्यांचा क्रम. एकाच डिस्कवर पाच व्हर्च्युअल मशीन ठेवली की ती पाचही आपापल्या क्रमाने मागतात, आणि बारा तासांची डिस्क २८२ दिवसांच्या दिशेने सरकू लागते.

इथे रांगेचा उपयोग होतो. मागण्या एकेक न देता एकदम दिल्या तर डिस्क स्वतः त्यांचा सोयीचा क्रम लावते आणि ऐंशीच्या जागी दीडशे-दोनशेपर्यंत मजल मारते. साटा डिस्कची रांग ३२ मागण्यांची असते. मग २०११ मध्ये एनव्हीएमई हे मानक आलं आणि पत्त्यांचा तोच उत्साह रांगांमध्ये शिरला: ६५,५३५ रांगा, प्रत्येकीत ६५,५३६ मागण्या. एकूण ४२९ कोटी मागण्या एका वेळी उभ्या राहू शकतात. एका मागणीचा अर्ज ६४ बाइटचा असतो. म्हणजे सगळ्या रांगा भरायच्या तर नुसते अर्ज ठेवायला २७५ जीबी रॅम हवी, पोचपावत्यांची वेगळी. घरच्या सर्व्हरला ६४ जीबी असली तरी आपण तो ऐसपैस म्हणतो. सेकंदाला दहा लाख मागण्या पुऱ्या करणारी उत्तम एसएसडी लावली तरी त्या भरलेल्या रांगा उपसायला ७१ मिनिटं लागतील. आणि फिरत्या डिस्कपुढे यांतली एकच रांग काठोकाठ भरून ठेवली, तर शेवटच्या मागणीचा नंबर चौदा मिनिटांनी लागेल.

म्हणून रांग लांब करणं हा उपाय एसएसडीला साजतो, फिरत्या डिस्कला नाही. तिच्यापुढे ३२ ची रांग पुरते.

आता व्हर्च्युअल मशीनच्या आत शिरू. केमू हा प्रोग्राम गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या यंत्रणेला, एक आख्खा खोटा संगणक उभा करून दाखवतो. आपण काही बदललं नाही तर तो संगणक असतो १९९६ सालचा: इंटेलचा ४४०एफएक्स चिपसेट आणि त्याच्या जोडीची आयडीई चिप. मशीनमध्ये २०२४ चा सोळा कोअरचा प्रोसेसर आहे, एसएसडी सेकंदाला ७ जीबी देते, आणि गेस्टमधली लिनक्स मान खाली घालून पेंटियमच्या जमान्यातल्या चिपशी बोलत असते. विंडोज इन्स्टॉल करताना काही जमत नसेल तर आयडीई निवडून मोकळं होता येतं, इतकाच आता तिचा उपयोग.

हा जुना पोशाख महाग का पडतो, ते मोजता येतं. आयडीईला एक वाचनाची आज्ञा द्यायची तर क्रमांकाचे तुकडे, संख्या आणि आज्ञा अशा दहा-बारा नोंदी वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये लिहाव्या लागतात. खऱ्या चिपला याचं काही नाही. खोट्या चिपच्या बाबतीत मात्र प्रत्येक नोंदीला प्रोसेसर गेस्टमधून बाहेर येतो, होस्ट, म्हणजे बाहेरचा खरा संगणक, ती नोंद वाचतो, चिपने काय केलं असतं ते ठरवतो आणि परत आत जातो. अशा एका फेरीला हजार ठोके लागतात असं अगदी उदारपणे धरलं, तरी सेकंदाला दहा लाख मागण्यांसाठी दहा अब्ज ठोके होतात. ४ गिगाहर्ट्झच्या एका कोअरमध्ये ठोकेच आहेत चार अब्ज. शिवाय ही आयडीई चिप एका वेळी एकच आज्ञा घेते. रांग हा प्रकारच तिथे नाही.

रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ आणलं, आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यात आहे. त्यांनी सोंगच टाकून दिलं. गेस्टला सरळ सांगायचं की तू व्हर्च्युअल आहेस, हा घे दोघांनाही दिसणारा रॅमचा एक तुकडा, यात मागण्या लिहीत जा आणि थोड्या जमल्या की एकदाच हाक मार. दहा-बारा फेऱ्यांची एक फेरी झाली, आणि गर्दी असली की एका फेरीत अनेक मागण्या उरकू लागल्या. प्रॉक्समॉक्समध्ये ‘व्हर्टआयओ स्कझी सिंगल’ निवडून आयओ थ्रेडवर खूण केली की प्रत्येक डिस्कला स्वतःचा कंट्रोलर आणि स्वतंत्र थ्रेड मिळतो. ४१ लाखांपैकी एकच डिस्क, तिच्यासाठी आख्खा कंट्रोलर. कागदावर ही उधळपट्टी दिसते. पण पत्ते फुकटच आहेत, ते उधळायलाच असतात. थ्रेड मोकळा मिळणं मोलाचं. गेस्टच्या सिस्टिम डिस्कसाठी मी डोळे मिटून हाच पर्याय सांगेन.

साठवणुकीच्या डिस्कचं तसं नाही. घरातले वीस वर्षांचे फोटो, आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग, लग्नाचे व्हिडिओ ज्या आठ डिस्कवर ठेवायचे आहेत, आणि त्यांवर ट्रूनॅससारखी झेडएफएस चालवणारी यंत्रणा व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवायची आहे, तिथे मधे आयडीईचं सोंग नको आणि व्हर्टआयओचा करारही नको. तिथे खरं कार्ड उचलून गेस्टच्या हाती द्यायचं.

हे शक्य होतं ते आयओएमएमयूमुळे. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्हीआय. संगणकातल्या प्रत्येक पीसीआय उपकरणाला बस, डिव्हाइस आणि फंक्शन असा तीन भागांचा पत्ता असतो: २५६ बस, प्रत्येकीवर ३२ डिव्हाइस, प्रत्येकात ८ फंक्शन. म्हणजे ६५,५३६ उपकरणांची सोय, प्रत्येकाच्या माहितीपत्रकासाठी ४,०९६ बाइट, मिळून २५६ एमबीची पत्त्यांची जागा राखून ठेवलेली. घरच्या मदरबोर्डवर यांतले तीस-चाळीस पत्ते भरलेले असतात. त्यांतला आपल्या कार्डाचा पत्ता शोधायचा आणि तो गेस्टच्या नावावर करायचा. यापुढे ते कार्ड गेस्टच्या रॅममध्ये स्वतः लिहितं-वाचतं, होस्ट मधे पडत नाही. याची किंमत एकच: कार्ड कधी कुठल्या पानावर लिहील हे सांगता येत नाही, म्हणून गेस्टची सगळी रॅम जागेवर खिळून ठेवावी लागते. १६ जीबीचं गेस्ट असेल तर ४ केबीची ४१,९४,३०४ पानं. आकडा ओळखीचा आहे, दोन्ही संख्या २ चा २२ वा घात आहेत एवढंच. पण ही पानं पत्त्यांसारखी कागदावरची नाहीत. ती खरी, विकत आणलेली रॅम आहे, आणि गेस्ट चालू असेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

दोन गोष्टी आधीच पाहून घ्याव्या. होस्ट ज्या डिस्कवरून सुरू होतो ती याच कार्डावर असता कामा नये, नाहीतर कार्ड गेस्टला देताच होस्टच्या पायाखालची जमीन जाते. आणि स्वस्त मदरबोर्डवर कार्ड दुसऱ्या उपकरणांसोबत एकाच आयओएमएमयू गटात अडकलेलं असू शकतं. अशा वेळी दुसरा स्लॉट पाहावा.

कार्डावर फर्मवेअर आयटी मोडचं, म्हणजे प्रत्येक डिस्क जशीच्या तशी दाखवणारं हवं. रेड मोडमध्ये कार्ड आठ डिस्कची मोट बांधून एकच मोठी डिस्क दाखवतं. कार्डांची ही हुशारी त्यांच्या काळात मोलाची होती. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तेव्हा त्यांनी हाच हिशेब पुढे ठेवला होता: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल तर अशा १०० डिस्कच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, दोन आठवड्यांच्या आत येणार. संख्या वाढली की बिघाड अपवाद राहत नाही, तो नेम होतो. आजच्या महाग डिस्कवर २५ लाख तास असं लिहिलेलं असतं. त्याची २८५ वर्षं होतात, पण कुठलीही डिस्क तेवढी जगत नाही. २८५ डिस्कच्या कळपात वर्षाला एक मरेल असा त्याचा अर्थ, आणि तोही कारखान्याच्या आशावादासकट.

मेलेली डिस्क निदान दिसते. मला जास्त धास्ती वाटते ती न मरता खोटं बोलणाऱ्या डिस्कची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेटॲपच्या १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने नजर ठेवली गेली. चेकसम जुळला नाही, म्हणजे डिस्कने काही तक्रार न करता चुकीची माहिती दिली, अशा ४ लाखांहून जास्त घटना सापडल्या. त्यातल्या ८ टक्के सापडल्या त्या रेडची पुन्हा उभारणी चालू असताना, म्हणजे जेव्हा चूक सर्वांत महाग पडते त्या वेळी. झेडएफएस प्रत्येक ठोकळ्याचा चेकसम वेगळा ठेवते, म्हणून हे खोटं पकडू शकते. पण पकडलेलं खोटं कुठल्या डिस्कचं आहे हे कळायला तिला आठही डिस्क उघड्या दिसायला हव्यात. मधे रेड कार्ड किंवा व्हर्च्युअल डिस्कची फाइल आली की डिस्कचा चेहरा झाकला जातो. डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ नोंदी दिसत नाहीत, आणि ‘आता सगळं चकतीवर उतरव’ ही आज्ञा खरंच चकतीपर्यंत पोचली का, हे मधल्या थराच्या भरवशावर राहतं. झेडएफएस साधारण दर पाच सेकंदांनी साठलेलं लिखाण एकगठ्ठा उतरवते. जिथे वीज न सांगता जाते तिथे त्या पाच सेकंदांबद्दल कुणी खोटं बोललेलं परवडत नाही. यूपीएस घ्यावाच, पण तो या खोट्यावरचा उतारा नव्हे.

किती डिस्क सुट्या ठेवायच्या, याचाही हिशेब याच अंगाने लागतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्यं इतक्या बिटांमागे फार तर एक बिट वाचता येणार नाही. म्हणजे १२.५ टीबीमागे एक. ८ टीबीच्या आठ डिस्कचा रेड-झेड१ संच, म्हणजे एकच सुटी डिस्क असलेला संच, असेल आणि एक डिस्क गेली, तर उरलेल्या सात पूर्ण वाचाव्या लागतात: ५६ टीबी, चार-साडेचार चुकांचं गणित. खऱ्या डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, तो हमीचा तळ आहे. तरीही त्या तळावर घरातले फोटो ठेवू नयेत. दोन डिस्क सुट्या ठेवणारं रेड-झेड२ घ्यावं. ६४ टीबीतले ४८ वापरायला मिळतात. उरलेले १६ टीबी वाया गेले असं कुणी म्हटलं तर ऐकू नये.

आठऐवजी जास्त डिस्क लावण्याचा मोह होतो, कारण ९२११-८आयच्या माहितीपत्रकावर २५६ डिस्क असं लिहिलेलं आहे, आणि एसएएस एक्सपँडर लावून तसं करताही येतं. पण कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला रस्ता पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आठ पदरांचा, सेकंदाला ४ जीबीचा. २५६ डिस्क एकदम बोलू लागल्या तर त्यांना ६४ जीबी हवेत. वाट्याला येतात सेकंदाला साडेपंधरा एमबी, प्रत्येकी. आठ डिस्कला मात्र सगळ्यांनी मिळून २ जीबी लागतात आणि रस्ता निम्मा मोकळा राहतो. सोळापर्यंत जावं, पुढे जायचं तर कार्ड बदलावं.

विजेचंही तसंच. चकती थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना एक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ एकदम सुरू झाल्या तर जवळपास १९० वॉट, काही सेकंदांसाठी. कार्डाला त्या एकेक करून सुरू करता येतात. ती सोय चालू करावी. नंतर आठ डिस्क नुसत्या फिरत राहिल्या, प्रत्येकी ५ वॉट धरले, तरी वर्षाला ३५० युनिट. कार्डाचे १० वॉट धरले तर आणखी ८८. आणि हे कार्ड सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठी बनवलेलं आहे. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद कपाटात, पंख्याशिवाय ते चालवू नये. त्याच्या हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवणं ही चैन नाही.

सगळं बसलं, आठही डिस्क गेस्टमध्ये दिसू लागल्या, की प्रत्येकीचं जागतिक नाव एकदा पाहावं. ते ६४ बिटांचं असतं, सोळा अक्षरांत लिहिलेलं. त्यातले २४ बिट उत्पादकाचे आणि ३६ त्याच्या मालाचे. म्हणजे एका उत्पादकाच्या एका क्रमांकाखाली ६,८७१ कोटी वेगवेगळी नावं. दोन डिस्कची नावं सारखी निघायची नाहीत. पण तीन वर्षांनी रात्री अकरा वाजता झेडएफएस यांतलं एक नाव सांगून म्हणेल की ही डिस्क गेली, तेव्हा समोरच्या आठ सारख्या काळ्या ट्रेंपैकी एक हाताने ओढायची असेल. म्हणून डिस्क बसवण्याआधीच तिच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरं कागदाच्या पट्टीवर लिहून ट्रेच्या तोंडावर चिकटवावी, आणि कुठला ट्रे कार्डाच्या कुठल्या तारेला जोडलाय त्याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला लावून ठेवावा. एकच सुटी डिस्क असलेल्या संचात चुकीचा ट्रे ओढला गेला, तर संच तिथल्या तिथे थांबतो.